विम्याची माणसं

माझं तोंड फटकळ आहे. सगळेच म्हणतात आणि मीही नाकारत नाही. मी कवळ्या बनवते. डॉक्टर पेशंटच्या तोंडाचं माप घेतात, ते माझ्याकडे येतं, त्यावरून मी प्लास्टरचा साचा करते, साच्यावर मेण चढवते आणि मेणात एकेक दात बसवते. माप चुकलेलं असलं की डॉक्टरला सरळ फोन लावते आणि सांगते, हे माणसाचं तोंड नाही, परत घ्या. इतक्या वर्षांत एकाही डॉक्टरनं माझ्याशी अबोला धरला नाही. दातांच्या धंद्यात तोंडावर बोलणारी बाई सगळ्यांनाच सोयीची असते.

हे सांगायचं कारण एवढंच, की मागच्या वर्षी मला एका माणसाला एक वाक्य सांगायचं होतं आणि ते मला दोन महिने सांगता आलं नाही. वाक्य तीन शब्दांचं होतं. काका, घर विकतेय.

हे काका माझे नात्यातले कोणी नव्हते. आमच्या वरच्या खोलीतले भाडेकरू. त्याच्या पंचवीस वर्षं आधी एक ट्रंक आणि एक पितळी तराजू घेऊन आले, तेव्हा ते बावन्न वर्षांचे होते, म्हणजे आज मी आहे तेवढे. वजनमाप खात्यात निरीक्षक होते. त्यांचं काम असं, की साध्या गिऱ्हाइकासारखं दुकानात जायचं, किलोभर साखर मागायची, इकडच्या तिकडच्या गप्पा मारायच्या, बाहेर येऊन ती साखर स्वतःच्या काट्यावर मोजायची आणि मग परत आत जाऊन खिशातलं ओळखपत्र काढायचं. आल्या आल्या पहिल्याच आठवड्यात त्यांनी आमच्या स्वयंपाकघरातला काटा तपासला आणि आईला म्हणाले, "वहिनी, हा पंधरा ग्रॅम खोटं बोलतो." आईनं ते फार मनाला लावून घेतलं. तेव्हापासून त्यांचं नाव काटेकाका पडलं. खरं आडनाव भाड्याच्या पावतीवर तेवढं उरलं.

आई चौदा महिने अंथरुणाला खिळून होती. ते चौदा महिने काटेकाका रोज दुपारी तिच्या उशाशी बसून पेपर वाचून दाखवायचे, म्हणजे मला पुढच्या खोलीत काम करता यावं. अग्रलेखापासून हरवले-सापडलेपर्यंत सगळं वाचायचे, एक ओळ गाळायचे नाहीत. आई गेली, आणि आमच्यात काही बदललं नाही. रविवारी दुपारी ते खाली जेवायला यायचे, येताना फळं आणायचे, आणि फळवाल्यानं किती ग्रॅम मारले ते जेवण होईपर्यंत सांगायचे. सुईत दोरा ओवायचा असला की सुई घेऊन खाली यायचे. त्यांची वरची कवळी माझ्या हातची. त्या तोंडाचं माप मी स्वतः घेतलं होतं.

घर विकायची वेळ आली ती कामामुळे. आता कवळ्या मशीन कापून देतं. माझ्या हातच्या कवळ्या मागणारे डॉक्टर चारावर आले, त्यातले दोन निवृत्तीच्या वाटेवर. अशात एका दूरच्या गावच्या कॉलेजनं विचारलं, पोरांना हातकाम शिकवाल का, राहायला एक खोली देऊ. तीन महिन्यांत रुजू व्हायचं होतं. घरात अर्धा वाटा दादाचा. दादा परदेशात असतो. तो फोनवर म्हणाला, "तुझ्या मनाला येईल तसं कर." दादाच्या भाषेत याचा अर्थ लवकर उरक असा होतो.

मी एजंटला बोलावलं. हा गृहस्थ इतका हळू बोलायचा की त्याच्याशी बोलताना आपलाही आवाज आपोआप खाली यायचा. नीट इस्त्री केलेला शर्ट, हातात काळी वही. घरात आम्ही दोघंच होतो तरी त्यानं उठून स्वयंपाकघराचं दार लोटून घेतलं.

"ताई, रस्ते तीन आहेत," तो म्हणाला. "पहिला, दारावर पाटी आणि पेपरात जाहिरात. पैसे सगळ्यात चांगले. पण चार-सहा महिने जातात आणि अख्खी गल्ली तुमचं बाथरूम बघून जाते."

"गल्लीला माझं बाथरूम दाखवायची मला हौस नाही."

"दुसरा, कंपनी. घर आहे तसं, सात दिवसांत. पण भाव पाडून घेतात, आणि सहीची शाई वाळायच्या आत किल्ल्या मागतात."

"आणि तिसरा?"

त्यानं वहीवर हात ठेवला. "तिसरा हा. माझ्याकडे पार्ट्या आहेत. पाटी नाही, जाहिरात नाही. एका वेळी एकच पार्टी आणतो. शेजाऱ्यांना काहीतरी वेगळं सांगायचं. विम्याची माणसं आलीत, पडदे शिवणारी बाई आलीये. या कानाचं त्या कानाला कळत नाही. दोन महिन्यांत काम होतं."

मग त्यानं छताकडे बघितलं. वर काटेकाकांच्या चपलांचा आवाज येत होता.

"भाडेकरू आहे म्हटलं की गिऱ्हाईक उंबऱ्यावरूनच मागं फिरतं," तो आणखी हळू म्हणाला. "माझे काका आहेत म्हणून सांगा. माझ्याबरोबरच निघणार आहेत म्हणा."

"आणि त्यांना काय सांगायचं?"

"त्यांना सगळ्यात शेवटी. सही झाल्यावर. आधी सांगितलं की माणूस आजारी पडतो, नाहीतर वकील आणतो, नाहीतर रडतो. तिन्हीत वेळ जातो. सगळे असंच करतात, ताई."

त्याच क्षणी मी त्याला बाहेरचा रस्ता दाखवायला हवा होता. एरवी दाखवलाही असता. पण खरं सांगायचं तर मला जे ऐकायचं होतं तेच तो बोलत होता. आईच्या उशाशी चौदा महिने बसलेल्या माणसाला 'निघा' कसं म्हणायचं? त्यावर कोणीतरी म्हणत होतं, आता नको, नंतर सांग. मी मनाशी एक सबबही तयार केली, की घर विकतेय हे बाहेर फुटलं तर उरलेले डॉक्टरही काम देणं बंद करतील. सबब खोटी नव्हती. पण माझं कारण ते नव्हतं.

पहिली पार्टी एका मंगळवारी यायची होती. आदल्या दिवशी काका फिरायला निघाले तेव्हा मी फाटकातच सांगून टाकलं.

"उद्या विम्याची माणसं येणार आहेत, काका. घर बघायला."

"कसला विमा?"

"घराचाच. आगीबिगीचा."

"बरं," ते म्हणाले. पण माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिले. मी फाटकाच्या कडीला तेल हवंय का ते बघू लागले.

मंगळवारी नवरा-बायको आले. काका आधीच खाली येऊन बसले होते. गुळगुळीत दाढी, इस्त्रीचा शर्ट, पायात बूट. नवरा खिडक्यांतून बाहेर बघत होता, बायको स्वयंपाकघरातली कपाटं उघडून बघत होती. मग दोघांनी काकांशी गोड बोलायला सुरुवात केली. तुम्ही इथं किती वर्षं? वर एकटेच असता? जेवणाचं काय करता? काका म्हणाले, "चला, वरची खोली दाखवतो," आणि सत्त्याहत्तर वर्षांचा तो माणूस दोन-दोन पायऱ्या टाकत जिना चढून गेला. वर पोचल्यावर कठड्याला हात न लावता उभा राहिला आणि म्हणाला, "आज मंगळवार. तारीख अकरा."

कोणी विचारलं होतं तारीख? मला इतका राग आला. ही माणसं घर बघायला आलीत आणि हा म्हातारा कॅलेंडर वाचतोय. त्या दोघांना स्वयंपाकघर अंधारं वाटलं. ते परत आले नाहीत.

दुसऱ्या खेपेला एक बाई आल्या. त्या पडदे शिवणाऱ्या असल्याचं ठरलं होतं, म्हणून बिचाऱ्यांनी खरंच एक कापडी टेप आणली होती. ती बघून काकांना राहवलं नाही.

"द्या बरं इकडे. कापडी टेप ताणली जाते, बाई. हिच्यावर विश्वास ठेवू नये." वरून ते त्यांची स्टीलची टेप घेऊन आले, दोन्ही टेबलावर शेजारी शेजारी ठेवल्या आणि कापडी टेप मीटरमागे सव्वा सेंटीमीटरनं लांबली आहे हे सिद्ध करून दाखवलं. येता-जाता जिना पळतच. बाई हसल्या.

"रोज इतका जिना चढता? गुडघे धरत नाहीत?"

"दिवसातून चार वेळा चढतो. हातात दुधाची पिशवी असते."

"आता नव्या जागी बहुतेक जिना नसेल," बाई मायेनं म्हणाल्या. "आराम पडेल तुम्हाला."

मी एवढ्या जोरात खोकले की बाईंच्या लक्षात आलं आणि त्या घाईघाईनं खिडकी मोजू लागल्या. काकांनी आपली टेप गुंडाळली आणि ते वर गेले. या वेळी मात्र सावकाश, एकेक पायरी मोजत. ऐकलं नसावं, अशी मी समजूत करून घेतली. बाईंना गाडी लावायला जागा कमी वाटली, त्यांचंही फिसकटलं.

त्यानंतर काका बदलले. त्या रविवारी जेवायला आले नाहीत. "पोट जरा हलकं ठेवतोय," म्हणाले. पुढच्या रविवारीही तेच. सुई घेऊन खाली येणं बंद झालं. सकाळी गल्लीत फेऱ्या मारायचे, मोठ्यानं मोजत. भाडं एक तारखेला सकाळीच दारात आणून द्यायचे आणि एरवी अर्धा तास बसणारा माणूस उभ्या उभ्या निघून जायचा. कधी विचारलं, काका काही हवंय का, की उत्तर ठरलेलं, "काही नको. माझं मला सगळं जमतं."

आणि मला हायसं वाटायचं. हे लिहायची लाज वाटते, पण तसंच होतं. मनात म्हणायचे, बरं झालं, स्वतःच लांब जातायत. सांगायची वेळ येईल तेव्हा सोपं जाईल.

तिसरी पार्टी म्हणजे एक तरुण डॉक्टरीण, हाडांच्या आणि सांध्यांच्या व्यायामाची. तिला माझ्या पुढच्या खोलीत दवाखाना काढायचा होता. माझ्या ओळखीची म्हणून तिला चहाला बोलावलं. घर तिला दारातूनच आवडलं. पण एकेकाला सवयच असते. मी भिंतीचं प्लास्टर दाखवायला वळते ना वळते तो ती काकांसमोर बसून म्हणत होती, "हात न टेकता खुर्चीतून उठता येतं का, आजोबा?"

काका उठले. बसले. उठले. दहा वेळा. चेहरा लाल झाला, पण थांबले नाहीत.

"उत्तम!" ती म्हणाली. "या वयात फार कमी जणांना जमतं."

ती गेल्यावर काका माझ्या टेबलाशी आले. शाळेत पहिला नंबर आलेल्या पोरासारखा चेहरा.

"उत्तम म्हणाली."

"ऐकलं मी. बहिरी नाही झालेय अजून," मी म्हणाले आणि ब्रश उचलून साचा घासायला लागले. ते क्षणभर उभे राहिले, मग वर गेले.

डॉक्टरिणीनं घर घेतलं. तीन आठवड्यांत कागद तयार झाले. सहीच्या दिवशी त्या सरकारी कचेरीत लाकडी बाकावर आम्ही दीड तास बसलो होतो. एजंट माझ्या कानाशी काहीतरी पुटपुटत होता आणि मी हो हो म्हणत होते. किल्ल्या एकोणीस दिवसांनी द्यायच्या होत्या. दुपारी चारला घरी आले, पाणी प्यायले आणि चपलाही न काढता जिना चढले. ठरवलं होतं, दार उघडताच बोलून टाकायचं. श्वास न घेता.

काकांनी दार उघडलं आणि म्हणाले, "ये पोरी. तुझीच वाट बघत होतो. चहा टाकलाय."

खोली कधी नव्हे इतकी आवरलेली होती. पलंगावर चादर ताठ. टेबलावर दोन कप, त्यातला एक मोठ्या, चांगल्या बशीत.

"काका, मला तुम्हाला..."

"थांब. आधी मला बोलू दे. तुला सांगायला अवघड जातंय हे मला दिसतंय. मला सगळं ठाऊक आहे."

मी खुर्चीवर बसले. इतकं हलकं वाटलं की डोळ्यांत पाणी आलं. दोन महिने मी ओझं वाहत होते आणि यांना ठाऊक होतं!

"चौतीस वर्षं मी तेच काम केलंय गं," ते कपात चहा ओतत म्हणाले. "गिऱ्हाईक बनून तपासायला आलेला माणूस मला कळणार नाही? विम्याचा माणूस आधी विजेचं मीटर बघतो. हे दोघं मला बघत होते. जेवणाचं काय करता, एकटेच असता का. आणि ती पडदेवाली! पडदे शिवणाऱ्या बाईला माझ्या गुडघ्यांशी काय करायचंय? नव्या जागी जिना नसेल म्हणाली, तिथंच तिनं सगळं सांगून टाकलं. शेवटी आली ती तर सरळ डॉक्टरच होती. मला उठाबशाच काढायला लावल्या." ते हसले. माझ्या हातची कवळी पूर्ण दिसली. "वृद्धाश्रमाची माणसं होती ना? माझी तपासणी करायला आणली होतीस."

मी झटकन मान वर केली.

"मला राग नाही आला. नाही, आला होता, एक दिवस. मग विचार केला, सत्त्याहत्तर म्हणजे काही कमी नाही. उद्या जिन्यात पडलो तर निस्तरायचं कोणी? तूच ना. तू तुझ्या परीनं बरोबरच केलंस. पण म्हटलं, निदान आपण तपासणीला कमी पडायला नको. म्हणून व्यायाम धरला. तुझ्याकडे कशाला म्हणून यायचो नाही, सुईतला दोरा स्वतः ओवला. अर्धा अर्धा तास लागायचा." त्यांनी चांगला कप माझ्यापुढे सरकवला. "तीन आठवडे झाले, कोणी फिरकलं नाही. म्हणजे त्यांनी कळवलं असणार, यांना आमच्याकडे ठेवायची गरज नाही म्हणून. आणि तू ते ऐकलंस. मला घालवलं नाहीस. त्यासाठी आभार मानायचे होते."

मी कपाकडे बघत होते. तो आईचा कप होता, तिनंच कधीतरी वर दिला असावा. आता बोल, मी स्वतःला म्हणत होते. आता तरी बोल.

"आणखी एक सांगतो. भाची माझी तीन वर्षं मागं लागली होती, मामा इकडे या म्हणून. तळमजल्यावरची खोली माझ्यासाठी रिकामी ठेवली होती तिनं. मलाही मनातून जायचं होतं, खोटं कशाला बोलू. म्हातारपणी आपल्या माणसांत असावं. पण तू इथं एकटी पडशील म्हणून ढकलत होतो. मागच्या महिन्यात तिचं पत्र आलं, की आता शेवटचं सांगा, एक कुटुंब खोली मागतंय. नेमकी तेव्हा तुझी तपासणी चालू. म्हटलं, आत्ता गेलो तर नापास होऊन पळाल्यासारखं दिसेल. तुलाही वाटेल, आपण माणसं आणली म्हणून काका रागावून गेले. तुझ्या जिवाला लागलं असतं ते. म्हणून तिला लिहिलं, मी ठणठणीत आहे, इथंच राहणार."

"काका, घर विकलं मी," मी म्हणाले.

ते हातातला कप घेऊन तसेच बसले.

"ती माणसं घर बघायला आली होती. तुम्हाला नाही. आज सही झाली."

मग निरीक्षकासारखे एकेक प्रश्न विचारू लागले.

"द्यायचं कधी?"

"एकोणीस दिवसांनी."

"ठरवलंस कधी? विकायचं."

"दोन महिने होऊन गेले."

"म्हणजे पत्राच्या आधी."

"हो."

त्यांनी कप खाली ठेवला. "पहिल्या दिवशी मला तोच संशय आला होता," ते म्हणाले. "खिडक्या बघत होते ना ते. पण मीच तो खोडून टाकला. म्हटलं, घर विकायचं असतं तर हिनं जिन्याखालूनच ओरडून सांगितलं असतं. वृद्धाश्रमाचं सांगायला कोणालाही जड जाईल, तुलासुद्धा. ते मी समजू शकलो. पण घराचं सांगायला काय अवघड होतं गं? मी हसत गेलो असतो."

ते रडतील, वकील आणतील, आजारी पडतील म्हणून मी दोन महिने माझ्याच घरात चोरासारखी वावरले, आणि या माणसाला जायचंच होतं. सुखानं जायचं होतं. तो थांबला होता माझ्यासाठी. मी तिथं बसून हमसून हमसून रडले. ते उठून खिडकीशी जाऊन उभे राहिले. मला थोपटायला आले नाहीत, आणि ते बरोबरच होतं.

भाचीला फोन मीच केला. ती आधी आनंदली. पण खोली तिनं पंधरा दिवसांपूर्वीच दिली होती, दोन वर्षांच्या करारावर. तिच्या उरलेल्या दोन खोल्यांत पाच माणसं. "आधी का नाही कळवलंत हो?" ती म्हणाली. मला तिनं चार शब्द सुनवायला हवे होते, पण ती स्वभावानं चांगली होती. फक्त रडली.

मग मी काकांना म्हणाले, माझ्याबरोबर चला. कॉलेजनं दिलेली खोली एकच आहे, पण मध्ये कपाट लावू, कसंतरी बसवू. मी अगदी मनापासून म्हणाले होते. काकांनी नीट ऐकून घेतलं.

"नको," ते म्हणाले. आवाज मायेचाच होता. "उद्या तू मला कंटाळलीस तर सांगशील का? नाही सांगणार. मला रोज तुझ्या चेहऱ्यावरून अंदाज काढत बसावं लागेल. आता तेवढी नजर राहिली नाही माझी."

उरलेल्या दिवसांत आम्ही जागा शोधल्या. भाड्याच्या खोल्या होत्या, पण सत्त्याहत्तर हा आकडा ऐकला की घरमालकांना एकाएकी आपला पुतण्या तिथं राहायला येणार असल्याचं आठवायचं. शेवटी हळू बोलणाऱ्या एजंटालाच विचारलं. त्याच्या काळ्या वहीत वृद्धाश्रमही होते. वेगळं पान होतं त्यांचं.

आम्ही दोघं तिथं गेलो ती सकाळ स्वच्छ होती. काकांनी दाढी केली होती, बूट घातले होते. एका लांब खोलीत टेबलामागे एक मुलगी बसली होती. तिनं छापील अर्ज पुढे ओढला आणि मान वर न करता विचारायला लागली. वय. औषधं कोणती चालू. चष्मा आहे का. कवळी आहे का. काका खुर्चीत ताठ बसून उत्तरं देत होते. ती त्यांच्याकडे बघत नव्हती. पाच मिनिटांत पान संपत आलं.

"काही झालं तर कोणाला कळवायचं?"

मी माझं नाव आणि फोन नंबर सांगितला.

"नातं?"

गिऱ्हाइकांना मी तीन वेळा सांगितलं होतं, हे माझे काका. एकदाही जीभ अडखळली नव्हती. 'पुतणी' हा शब्द आत्ताही ओठांवर होता.

"घरमालकीण," काका म्हणाले.

मुलीनं पहिल्यांदाच मान वर केली.

"पूर्वीची," त्यांनी दुरुस्ती केली. त्यात राग नव्हता, टोमणा नव्हता. वजन सांगावं तसं बरोबर सांगत होते.

मुलीनं तसंच लिहून घेतलं आणि अर्ज माझ्याकडे फिरवून खाली सही करा म्हणाली. मी सही केली.